फोन हाच संगणक : सहाव्या आठवड्याची नोंद

घरातला डेस्कटॉप बंद ठेवून सहा आठवडे झाले. लेखन, हिशेबाचे तक्ते आणि थोडे पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) हे सारे काम मी सॅमसंगचा गॅलेक्सी एस२१ फोन मॉनिटरला जोडून डेक्सवर, म्हणजे फोनला मोठ्या पडद्यावर संगणकासारखे वापरू देणाऱ्या सॅमसंगच्या सोयीवर, करीत आहे. फोनची ताकद कमी पडेल ही सुरुवातीची भीती निराधार ठरली. खरी अडचण तारेत आणि टंकलेखनात होती.

डेक्स २०१७ साली एस८ फोनबरोबर आले तेव्हा त्याला स्वतंत्र डॉक, म्हणजे फोन बसवून मॉनिटरला जोडणारी बैठक, लागत असे. २०१८च्या नोट ९पासून साध्या केबलवर भागू लागले. मात्र टाइप-सी दिसणारी प्रत्येक केबल चालत नाही. फोनबरोबर मिळणाऱ्या चार्जिंगच्या केबलमध्ये बहुधा यूएसबी २.० पुरत्याच तारा असतात आणि चित्र वाहून नेणाऱ्या वेगवान जोड्या नसतात, त्यामुळे तिच्यावर चार्जिंग व्यवस्थित होते, पण मॉनिटर काळाच राहतो. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली. हब, म्हणजे फोनच्या एकाच खाचेला मॉनिटर, पेनड्राइव्ह आणि चार्जर जोडू देणारी डबी, घेतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी : बरेच हब या चार वेगवान जोड्यांपैकी दोन चित्राला आणि दोन यूएसबी ३.०ला देतात, आणि १०८० रेषांच्या, सेकंदाला ६० चौकटींच्या चित्राला तेवढे पुरते, म्हणून निव्वळ त्यासाठी महागडा डॉक घेण्याचे कारण नाही.

तिसऱ्या आठवड्यात नुकसान झाले. मॉनिटर इन्व्हर्टरवर होता, पण हबचा चार्जर साध्या सॉकेटवर. वीज गेली, हबचा पुरवठा तुटला आणि त्याने फोनशी नव्याने जुळणी सुरू केली. चित्र क्षणभर जाऊन परत आले, पण त्या क्षणात पेनड्राइव्ह सुटला आणि त्यावर नक्कल होत असलेला वर्षभराच्या हिशेबाचा तक्ता नंतर उघडेना. जुनी प्रत होती म्हणून निभावले. आता चार्जरही इन्व्हर्टरवर आहे, आणि फाइल आधी फोनमध्ये घेऊन मगच तिच्यावर काम करायचे, हा नियम मी मोडत नाही.

पायथनसाठी टर्मक्स हे फोनवर लिनक्ससारख्या आज्ञा चालवू देणारे अ‍ॅप वापरतो. ते एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅप्सच्या भांडारावरून घ्यावे. अँड्रॉइड १२पासून सर्व अ‍ॅप्सच्या मिळून ३२ उपप्रक्रियांची (अ‍ॅपने मागे सुरू केलेल्या कामांची) मर्यादा आली असून ती ओलांडली की प्रणाली काही प्रक्रिया परस्पर बंद करते. टर्मक्समध्ये ‘सिग्नल ९’ असा संदेश दिसला, तर दोष आपल्या प्रोग्रॅममध्ये शोधत बसू नये. अँड्रॉइड १४पासून सेटिंग्जमधल्या डेव्हलपर पर्यायांत ही मर्यादा उठवण्याची सोय आहे. ती वापरल्यापासून माझे लांबलेले काम मध्येच तुटलेले नाही.

मराठी टंकलेखन मात्र अजून मनासारखे जमलेले नाही. बाहेरचा कीबोर्ड जोडला की पडद्यावरचा कळफलक बाजूला पडतो, आणि रोमन अक्षरांतून देवनागरी उमटवण्याची माझी जुनी सवय तिथे चालत नाही. सध्या ब्राउझरमध्ये गूगल इनपुट टूल्सच्या पानावर मजकूर लिहून तो दस्तऐवजात चिकटवतो. दीर्घ लेखासाठी ही पद्धत फार कष्टाची आहे. पुढचे दोन आठवडे इनस्क्रिप्टचा, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या प्रमाण कळमांडणीचा, सराव करणार आहे. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ न अडखळता येऊ लागले की डेस्कटॉपची वायर काढून ठेवीन.