लोडरची भरलेली बकेट धाडकन खाली यायची, ती हळू केली त्याचा अनुभव

शेणखत आणि उसाचं पाचट ट्रॉलीत भरायला आम्ही ट्रॅक्टरला पुढचा लोडर बसवला. उचलायचं काम तो झकास करतो. उतरवताना मात्र भरलेली बकेट एकदम खाली सुटायची आणि मध्येच लिव्हर सोडली तर ट्रॅक्टरची मागची चाकं उचलायची. पुतण्या चालवायला बसला की उकिरड्याजवळ मी कुणालाच उभं राहू द्यायचो नाही.

ज्याला विचारावं तो सांगे, "लिव्हर हळू ढकला." दिवसभर ट्रॉल्या भरणाऱ्या पोराचा हात दर वेळी सारखाच कसा चालेल? कुणी म्हणे रेस कमी करा. त्यानं उचलणं हळू होतं, उतरणं नाही. खाली येताना बकेटचं वजनच सिलिंडरमधलं तेल टाकीकडे रेटतं, त्याला पंप लागत नाही. म्हणून तर रिकामी बकेट सावकाश येते आणि भरलेली सुसाट. म्हणजे अडवायचं ते बाहेर पडणारं तेल, आणि उचलताना आत जाणारं तेल मोकळंच राहिलं पाहिजे. हे काम करणारा वन-वे फ्लो कंट्रोल वॉल्व्ह मिळतो. एका दिशेनं त्यातला बॉल सरकून तेल पूर्ण वाटेनं जातं, उलट दिशेनं बॉल बंद होतो आणि तेलाला स्क्रूनं कमी-जास्त करता येणाऱ्या फटीतूनच जावं लागतं.

इतकं कळायला वेळ लागला नाही. वेळ खाल्ला तो तालुक्याच्या दुकानानं. मी "वन-वे" असं स्पष्ट सांगितलं होतं, तरी त्यांनी साधा नीडल वॉल्व्ह हातात ठेवला. "फ्लो कंट्रोल म्हणजे हाच, सगळे हाच नेतात." तो दोन्ही दिशांना अडवतो. बसवल्यावर उतरणं हळू झालं, पण उचलणंही रखडलं, जादा दाब सोडणारा रिलीफ वॉल्व्ह चिरचिरायला लागला आणि तेल तापलं. परत करायला गेलो तर "वापरलेला माल घेत नाही." मागितलेला माल तुम्ही दिलाच नव्हता, हे ऐकून घ्यायलाही कुणी तयार नव्हतं. वन-वे मागवतो म्हणाले. फोन केला की "उद्या येतोय", आणि इकडे खताचा हंगाम चाललेला.

शेवटी वॉल्व्ह आला तो एनपीटी आट्यांचा, म्हणजे अमेरिकन मापाचा. आमचं सगळं फिटिंग ब्रिटिश मापाचं, बीएसपी, चार सुती म्हणजे अर्धा इंची. यात खरी फसगत आहे, म्हणून सविस्तर सांगतो. चार सुतीत दोन्हींचे आटे इंचाला 14 च असतात, त्यामुळे निपल (आट्यांचा जोड-तुकडा) सुरुवातीला छान फिरतो आणि बसला असं वाटतं. पण बीएसपीच्या आट्याचा कोन 55 अंश, एनपीटीचा 60, शिवाय एनपीटी निमुळता जातो. थोडे फेरे झाले की तो घट्ट होतो, पण सील होत नाही. दुकानदार म्हणाला, "टेफ्लॉन टेप गुंडाळा, काही होत नाही." दीडशे बारच्या वर दाब जाणारी ही लाइन, पाण्याची मोटर नव्हे! टेपचा तुकडा सुटून कंट्रोल वॉल्व्हमध्ये अडकला तर सगळं उघडून बसावं लागतं. मी तो वॉल्व्ह तिथेच ठेवला आणि कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. तिथल्या माणसानं निपल हातात घेतला, गेज लावला आणि बीएसपीचा वन-वे काढून दिला, सोबत डाउटी वॉशरही (रबराची कड असलेला सील करणारा धातूचा वॉशर). इतक्या साध्या गोष्टीसाठी माझा हंगाम अडला, याचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही जाल तेव्हा जुना निपल खिशात घालूनच जा.

बसवणं सोपं. सिलिंडरच्या बुडाकडे जाणारी लाइन धरायची आणि ती दोन सिलिंडरना फुटते त्या टीच्या आधी वॉल्व्ह टाकायचा. दोन्हीकडे वेगळे लावले तर सेटिंगमध्ये फरक राहून फ्रेमला पीळ बसतो. दांड्याच्या बाजूला लावू नका. वजन बकेटला ओढतच राहतं, वरून तेल पुरत नाही, आत पोकळी होते, आणि बकेट टेकल्यावर खाली दाब मिळायला खोळंबा होतो. वॉल्व्हवरच्या बाणावर भरवसा ठेवू नका, प्रत्येक बनावटीत त्याचा अर्थ सारखा नसतो. स्क्रू पूर्ण बंद करून कंप्रेसरची हवा मारा. जिकडून हवा पार जाते ती मोकळी दिशा, आणि ती सिलिंडरकडे हवी.

हे आधीच सांगायला हवं होतं: होज सोडण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर पुढे-मागे हलवून दाब काढा. गळती बोटानं चाचपू नका, बारीक धार कातडीतून आत शिरते. पुठ्ठा धरून बघा.

सेटिंग तेल गरम झाल्यावरच करा. सकाळच्या गार, दाट तेलावर केलं तर दुपारी बकेट पुन्हा पळते. आमची भरलेली बकेट आता वरून खाली यायला पाच-सहा सेकंद घेते. त्याहून आवळू नका, नाहीतर लिव्हर पूर्ण ढकलल्यावर पंप उगाच रेटत राहतो आणि तेल तापतं. मग स्क्रू हलू नये म्हणून त्यावरचा चेक नट कसा.

आणि वॉल्व्ह घेण्याआधी एक तपासा. बऱ्याच लोडरला लिव्हर शेवटपर्यंत ढकलली की फ्लोट लागतो, त्यात दोन्ही बाजूंचं तेल टाकीला जोडलं जातं आणि बकेट सुटते. चालवणारा तिथपर्यंत लिव्हर नेत असेल तर आधी ते थांबवा. वॉल्व्ह बसवला तरी उचललेल्या बकेटखाली जायचं नाहीच. वॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्यामधली होज फुटली तर तो काहीही अडवत नाही.