भिंतीची सावली

धुळ्याकडून साक्रीच्या बाजूला जाताना शिवारांमधून मैलोगणती गेलेल्या काळ्या खडकांच्या भिंती दिसतात. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला, त्या काळात जमिनीच्या उभ्या भेगांत शिरून थिजलेला हा रस. भोवतालचा खडक झिजला आणि भेगेतला चिवट दगड उघडा पडून उभा राहिला. भूशास्त्रात त्याला डाईक म्हणतात. कडेने थंड होत गेल्यामुळे त्यात आडवे खांब तयार झाले आहेत आणि जवळून पाहिले, तर कोणीतरी कडब्याची गंजी नीट रचून ठेवल्यासारखी वाटते.

मी गेली काही वर्षे या भिंतींची छायाचित्रे काढतो. त्या साधारण पूर्व-पश्चिम धावत असल्यामुळे हिवाळ्यात दक्षिणेच्या अंगावर दिवसभर ऊन असते, सकाळच्या तिरप्या उन्हात एकेक खांब सुटा दिसतो, आणि उत्तरेची बाजू काळी, सपाट, कॅमेऱ्याच्या दृष्टीने निरुपयोगी राहते. त्यामुळे मी तिकडे कधी फिरकलोच नव्हतो. (तिथे बोरी-बाभळी फार आहेत, हेही एक कारण.)

एकदा पाण्याची बाटली रिकामी झाली म्हणून वळसा घालून पलीकडे गेलो, तर सगळे गाव तिथेच. शेळ्या रवंथ करीत बसलेल्या, कपाशी वेचून थकलेल्या बाया फडक्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा सोडून बसलेल्या, एक म्हातारबाबा खडकाला पाठ टेकून पेंगत होते. मी तिपाई मांडू लागलो, तेव्हा त्यांनी एक डोळा उघडून विचारले, ‘‘सावलीना फोटू काढी ऱ्हायनात का भाऊ?’’

ते हसले; पण प्रश्न बरोबर होता. ज्या भिंतीचे ऊन मी इतके टिपले होते, तिची सावलीच तर गावाच्या रोजच्या उपयोगाची. उन्हाळ्यात मात्र ती आटत जाते, हेही त्यांनीच सांगितले. मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि दोन्ही बाजूंना टाचेएवढीही सावली उरत नाही. तेव्हा शेळ्या कुठे बसतात, असे मी विचारले. ‘‘निंबखाले,’’ ते म्हणाले आणि पुन्हा डोळा मिटला.

त्या दिवशीचे छायाचित्र फारच काळे आले. शेळ्या ओळखू येतात, बायांच्या लुगड्यांचे रंग दिसतात, पण खांब एकही नाही.