चोवीस आकडे

प्रयोगशाळेच्या मागे, झाडांपासून लांब, सिमेंटच्या बुटक्या चौथऱ्यावर शाळेचा पर्जन्यमापक होता. झाड जवळ नको, पानांवरचं पाणी आत पडतं, हे विज्ञानाच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. १९७६ च्या जूनमध्ये मी आठवीत गेलो आणि त्याची वही माझ्याकडे आली. रोज सकाळी बरोबर साडेआठला वरचं नरसाळं काढायचं, बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि मिलिमीटर लिहायचे. साताऱ्याचा पाऊस मी तुम्हाला काय सांगावा? यवतेश्वराकडून एकदा ढग उतरायला लागले की छत्री मानेत धरून वही कोरडी ठेवणं हेच मोठं काम असायचं.

जुलैतल्या एका रविवारी मी गेलो नाही. सोमवारी पात्रात २६ मिलिमीटर पाणी भरलं. रकाना रिकामा दिसू नये म्हणून मी त्याचे दोन भाग केले, रविवारचे १२ आणि सोमवारचे १४. सरांनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "शनिवारी दिवसभर आणि रात्रीसुद्धा उघडीप होती. मग रविवारी सकाळी बारा कुठून आले रे?" मी खाली मान घातली. छडी निघाली नाही की आवाज चढला नाही. त्यांनी लाल पेन्सिलीनं दोन्ही आकडे खोडले, रविवारच्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली आणि सोमवारपुढे लिहिलं, '२६, दोन दिवसांचे'. "नाही पाहिलं तर रेघ मारायची. रेघ मारायला लाज कसली?" म्हणाले. ती वही पुढे दोन वर्षं माझ्याकडेच राहिली. काढून घेतली असती तर मी समजू शकलो असतो, पण त्यांनी ती ठेवू दिली. हे मला आजही मोठं वाटतं.

स्काउटही तेच घ्यायचे. मैदानाच्या दोन टोकांना दोन तुकड्या उभ्या करून शिट्टीवर मोर्स शिकवायचे. छोटी शिट्टी म्हणजे टिंब, लांब शिट्टी म्हणजे रेघ. अक्षरांत आमची गडबड व्हायची, पण आकडे मला लगेच जमले, कारण प्रत्येक आकड्याला पाचच खुणा असतात आणि त्या शिस्तीत पुढे सरकतात. एकला एक टिंब नि चार रेघा, दोनला दोन टिंबं नि तीन रेघा. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी एसटीच्या गाड्यांचे नंबर बोटानं भिंतीवर वाजवत असे.

१९७५ च्या एप्रिलमध्ये 'आर्यभट्ट' अवकाशात गेला तेव्हा मी सहावीत होतो. सरांनी वर्तमानपत्रातलं चित्र कापून फळ्याच्या कोपऱ्यात चिकटवलं आणि ते पुढे कित्येक महिने तिथेच होतं. पण त्याआधी पाच महिने, १५ नोव्हेंबर १९७४ रोजी, अमेरिकेतल्या व्हॅन्डेनबर्ग तळावरून आणखी एक छोटा उपग्रह वर गेला होता. त्याचा आम्हाला पत्ताच नव्हता. त्याचं नाव ऑस्कर ७. वजन २९ किलोच्या आसपास. सिमेंटच्या पोत्यापेक्षा हलकाच म्हणायचा. एका हवामान उपग्रहाबरोबर तो रॉकेटवर बसून गेला. तो बांधला हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे ज्यांना जगभर 'हॅम' म्हणतात त्यांनी, नोकरीधंदा सांभाळून. त्यातला एक ट्रान्स्पॉन्डर जर्मनीतल्या कार्ल माइन्झर यांच्या मंडळींनी केला होता. जमिनीवरून येणारा आवाज झेलून तो दुसऱ्या लहरीवर परत खाली सोडणं हे त्याचं काम. आम्ही मैदानात शिट्ट्या वाजवत होतो तेव्हा तो साधारण १,४५० किलोमीटर उंचीवरून दर ११५ मिनिटांनी पृथ्वीला एक फेरी मारत होता आणि खाली मोर्समध्ये आकडेच पाठवत होता.

१९८१ च्या मध्यावर त्याची बॅटरी शॉर्ट झाली आणि तो गप्प झाला. सगळ्यांनी तो गेला असंच धरलं. त्यानंतर एकवीस वर्षांनी, २१ जून २००२ रोजी, इंग्लंडच्या पॅट गोवेन यांना रेडिओवर ओळखीचा मोर्स ऐकू आला. तो ऑस्कर ७ होता! शॉर्ट झालेली बॅटरी काळाच्या ओघात आतून तुटून मोकळी झाली होती. शॉर्ट असताना सौर पॅनेलची सगळी वीज ती गिळत होती, तुटल्यावर तीच वीज थेट यंत्राला मिळू लागली. तेव्हापासून तो फक्त उन्हावर चालतो. पृथ्वीच्या सावलीत शिरला की गप्प, उन्हात आला की पुन्हा बोलू लागतो.

मी स्वतः रेडिओकडे उशिरा वळलो. नोकरीत स्थिरावल्यावर परीक्षा दिली आणि परवाना काढला. मोर्सच्या पेपरला बसलो तेव्हा कानात सरांचीच शिट्टी होती. २००५ च्या मे महिन्यात इस्रोनं श्रीहरिकोट्याहून कार्टोसॅट-१ बरोबर आपला 'हॅमसॅट' सोडला. ४२.५ किलोचा, खास आम्हा हौशी लोकांसाठी. त्याच्यावरून मी कितीतरी लोकांशी बोललो. जुलै २०१४ मध्ये त्याची लिथियम-आयन बॅटरी निकामी झाली आणि तो कायमचा थांबला. त्या आठवड्यात घरात मी नीट जेवलो नाही असं बायको अजून सांगते. आपला उपग्रह बॅटरीमुळे गेला आणि त्याच्याहून तीस वर्षांनी म्हातारा असलेला बॅटरी मेल्यावरही बोलत राहिला. हा योग मला फार लागला, आणि तेव्हापासून मी ऑस्कर ७ च्या मागे आहे.

माझी अँटेना साधी आहे. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला पीव्हीसी पाइप आणि सुताराच्या पोलादी टेपचे तीन तुकडे. तुकड्यांची टोकं चिकटपट्टीनं गुंडाळलीत, कारण एकदा हात चांगलाच कापला होता. उपग्रह वर येण्याच्या वेळेला गच्चीवर जाऊन ती हातात धरायची आणि आकाशात सावकाश फिरवायची. त्याचा बीकन, म्हणजे आकडे पाठवणारा खुणेचा आवाज, १४५.९७ मेगाहर्ट्झच्या आसपास लागतो. आमच्या घरातून दक्षिणेला अजिंक्यतारा येतो, म्हणून दक्षिणेकडून निघालेला उपग्रह किल्ल्याच्या माथ्यावर येईपर्यंत ऐकूच येत नाही. मग खरखरीतून एक बारीक शीळ वर येते. जवळ येताना तिचा सूर चढा असतो आणि दूर जाताना उतरत जातो, फाटकावरून जाणाऱ्या रेल्वेच्या भोंग्यासारखा. वीस मिनिटांत हा सूर जवळजवळ सहा किलोहर्ट्झ खाली घसरतो, त्यामुळे एक हात सतत डायलवर ठेवावा लागतो. कधी कुणी हावरट माणूस जास्त ताकदीनं बोलत असतो. बॅटरीचा आधार नाही, पॅनेलची वीज पन्नास वर्षांनी उरली ती थोडी, मग म्हाताऱ्याचा आवाज थरथरतो. तेव्हा मला मनापासून राग येतो. त्याच्याशी बेतानंच बोलावं.

सुरुवातीला तो 'एचआय एचआय' म्हणतो. डिडिडिडिट डिडिट. मग चोवीस आकडे, प्रत्येक तीन अंकी, सहा ओळींत चार चार. पहिला अंक ओळीचा, पुढचे दोन मोजमापाचे. पहिली ओळ पॅनेलच्या विजेची, चौथी तापमानाची. ४५२ ऐकू आला की ५२ ला १.४८ नं गुणायचं, ९५.८ मधून वजा करायचं, १८.८ अंश सेल्सिअस येतात. इतक्या उंचीवर त्याच्या अंगाला किती ऊब आहे ते मला माझ्या गच्चीत कळतं. अगदी शेवटचा आकडा कसोटीचा, तो ६५० च्या जवळ आला म्हणजे मोजणी ठीक चाललीय असं समजायचं. माझ्या वहीत असे शेकडो तक्ते आहेत आणि पूर्ण भरलेले त्यात थोडेच. मध्येच आवाज बुडतो, शेजारचा पंप सुरू होतो, कधी माझाच हात हलतो. तिथे रेघा आहेत. जगभरचे हौशी लोक आपापले आकडे एकमेकांना कळवतात, त्यात माझेही जातात, रेघांसकट.

अमृतमहोत्सवाच्या तयारीत मुख्याध्यापकांनी मला शाळेत बोलावलं. गेल्या डिसेंबरात एका रात्री साडेआठच्या सुमारास नववीच्या सात मुलांना घेऊन मी शाळेच्या गच्चीवर उभा होतो. थंडी चांगलीच होती. एका मुलाच्या आजोबांनी कंदी पेढ्यांचा पुडा पाठवला होता, तो पाण्याच्या टाकीवर ठेवला होता. मी तक्त्याचे कागद आखून नेले होते. मोर्स त्यांना पंधरा दिवस शिकवला, फक्त आकडे. अँटेना आळीपाळीनं त्यांनीच धरली.

किल्ल्याच्या माथ्यावरून आवाज आला तेव्हा कुणी हललंसुद्धा नाही. पहिला तक्ता सगळ्यांचा गोंधळात गेला. दुसऱ्यात निम्मे आकडे मिळाले. तिसऱ्या वेळी एक मुलगी ओठांनी पुटपुटत लिहीत होती, मी तिच्या कागदावर विजेरी धरून होतो. पहिली ओळ पूर्ण झाली, दुसरीत एक रेघ, तिसरी पूर्ण. चौथ्या ओळीत पहिले दोन आकडे आले. तिसऱ्या आकड्याचे चार आणि पाच वाजले आणि आवाज तुटला. अँटेना हलली नव्हती. वर उत्तरेकडे ऑस्कर ७ पृथ्वीच्या सावलीत गेला होता.

"काका, मगाशी ४५२ होता ना तिथं?" शेजारचा मुलगा म्हणाला. "मग दोन लिहू?"

त्या मुलीनं ४५ च्या पुढे आधीच रेघ ओढली होती.