द्राक्षाच्या सीझनमध्ये माऊसवरचा हात सुटला

नाशिकला द्राक्ष खरेदी करणाऱ्या एका व्यापाऱ्यांकडे मी हिशेबाचं काम बघते. जानेवारी ते एप्रिल मान वर करायला फुरसत नसते. उगाव, पालखेड, मोहाडी, वणी, सगळीकडून माल येतो आणि प्रत्येक वजनचिठ्ठी एक्सेलमध्ये चढवायची असते: तारीख, शेतकऱ्याचं नाव, गाव, क्रेट, वजन, भाव. मागच्या सीझनला उजवं मनगट इतकं धरलं की पोळ्या लाटणं जड जायला लागलं. माऊस कमी करा, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

नेटवर शंभर-शंभर शॉर्टकटच्या याद्या मिळतात. त्या मी बाजूला ठेवल्या, कारण पाठांतराने बोटांना वळण लागत नाही. त्याऐवजी दिवसभरात हात माऊसकडे कशाकशासाठी जातो, ते चिठ्ठीच्या पाठीमागे टिपत गेले. संध्याकाळी पाहिलं तर बहुतेक वेळा कारणं तीच ती होती. मग त्यांच्यापुरतेच शॉर्टकट शोधले, आणि एक हातात बसल्याशिवाय दुसऱ्याला हात घातला नाही.

पहिला तारखेचा. कंट्रोल आणि अर्धविराम दाबला की आजची तारीख पडते, आणि ती उद्या बदलत नाही. टुडेचं सूत्र घातलं तर रोज नवी तारीख दिसते, ते नोंदीला चालत नाही. एकाच गावचे शेतकरी ओळीने आले की कंट्रोल डी, म्हणजे वरच्या चौकटीतलं गाव खाली उतरतं. पुढे टॅब, टॅब, आणि शेवटी एंटर मारला की कर्सर आपोआप पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येतो. डाव्या हाताने चिठ्ठ्या उलटायच्या, उजवा हात आकड्यांच्या पॅडवर.

सगळ्यात मोठा फायदा मात्र कंट्रोल आणि खालच्या बाणाने झाला. यादीच्या तळाशी जायला म्हणून मी तो घेतला होता. एके दिवशी वजनाच्या रकान्यात दाबला तर कर्सर मधेच थांबला, कारण खालची चौकट रिकामी होती. एका चिठ्ठीवर वजनच लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून हिशेब देण्याआधी प्रत्येक रकान्यात हा बाण एकदा मारतेच. शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न असतो.

टॅलीचं, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, शिक्षण ऑफिसातल्या काकांकडून मिळालं. ते डॉसच्या काळापासून टॅलीवर आहेत, त्यांचा माऊस टेबलाच्या कोपऱ्यात पडलेला असतो. मी मेनूवर क्लिक करायला लागले की म्हणायचे, "अगं, हात उचलतेस कशाला?" एफ८ विक्री, एफ९ खरेदी, एफ५ पेमेंट, तारखेला एफ२. व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, भरताना नवा शेतकरी निघाला तर तिथल्या तिथे ऑल्ट सी दाबून त्याचं लेजर, म्हणजे खातं, उघडायचं, कंट्रोल ए ने जतन करायचं. काकांना बघत बघतच हे बोटांत आलं.

नावं मराठीत लागतात, म्हणून विंडोज आणि स्पेस दाबून कीबोर्ड बदलते. इनस्क्रिप्ट या कीबोर्डमध्ये काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. एकदा हे ध्यानात आलं की वेग येतो.

कॉपी-पेस्टची कल्पना सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी आकाराला आणली. पण एका वेळी एकच गोष्ट कॉपी होते, ही अडचण मला रोज यायची: खाते क्रमांक, मग आयएफएससी, मग नाव. विंडोज व्ही ने ती सुटली. एकदा चालू केलं की आधी कॉपी केलेल्या २५ गोष्टी यादीत राहतात. बँकेचे तपशील मात्र काम झाल्यावर त्या यादीतून पुसायचे, आणि जागेवरून उठताना विंडोज एल ने स्क्रीन लॉक करायची. हे मी कधीच टाळत नाही.

मनगटाचा पट्टा सुटलाय. सध्या पिव्होट टेबल, म्हणजे नोंदींचा गोषवारा देणारा तक्ता, माऊसशिवाय करून बघतेय. ऑल्ट, एन, व्ही एवढं बसलंय. फील्ड जागेवर ओढायला अजून माऊस घ्यावा लागतो.