दवाखाना जवळ आला की खाटा रिकाम्या होतात का?

प्राथमिक आरोग्यसेवा गावोगावी पोचली की मोठ्या रुग्णालयांवरचा ताण आपोआप कमी होतो, असे आपल्याकडे प्रत्येक नव्या दवाखान्याच्या उद्घाटनात सांगितले जाते. हे विधान खोटे नाही, पण ते फार घाईने केले जाते. आणि त्या घाईचा फटका पुढे प्राथमिक सेवेलाच बसतो, कारण दोन-तीन वर्षांत जिल्हा रुग्णालयातली गर्दी ओसरली नाही की ‘एवढा पैसा घातला, फरक काय पडला?’ असे विचारायला मंडळी तयारच असतात.

या बाबतीत मला ब्राझीलचे उदाहरण सर्वांत बोलके वाटते. तिथल्या ईशान्येकडील सेआरा राज्यात १९८७ साली दुष्काळ पडला, तेव्हा दुष्काळी कामांचाच भाग म्हणून गावातल्या बायकांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका म्हणून नेमण्यात आले. (आपल्या १९७२च्या दुष्काळाने पाझर तलाव आणि रस्ते दिले, बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभे करण्याचे काम जामखेडला आरोळे दांपत्य करत होते, पण शासनाने त्या दोन गोष्टी एकत्र आणल्या नाहीत.) पुढे १९९४मध्ये ब्राझीलने कुटुंब आरोग्य कार्यक्रम सुरू केला. एक डॉक्टर, एक परिचारिका, एक साहाय्यक आणि चार-सहा आरोग्यसेवक अशा प्रत्येक पथकाकडे साधारण तीन-चार हजार लोकवस्ती सोपवलेली असते. आरोग्यसेवक त्याच वस्तीत राहणारा असतो आणि महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जाणे हे त्याचे ठरलेले काम असते. रुग्ण येईल तेव्हा पाहू, अशी ही व्यवस्था नाही; कोणाच्या घरी दम्याचा रुग्ण आहे आणि कोणी रक्तदाबाची गोळी मध्येच सोडली आहे, हे पथकाला आधीच ठाऊक असावे, अशी ती आखलेली आहे.

१९९९ ते २००७ या काळात दमा, पक्षाघात, हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार यांसारख्या, वेळीच उपचार मिळाले तर रुग्णालयापर्यंत न जाणाऱ्या जुनाट आजारांसाठी ब्राझीलमध्ये होणारी भरती इतर कारणांसाठी होणाऱ्या भरतीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने घटली. ज्या नगरपालिकांमध्ये कार्यक्रमाचा विस्तार मोठा होता, तिथे या आजारांच्या भरतीचे प्रमाण कमी विस्ताराच्या नगरपालिकांपेक्षा १३ टक्क्यांनी कमी आढळले, आणि हा हिशेब इतर घटकांचा प्रभाव वजा करून केलेला होता. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती २००८ साली तिथल्या आरोग्य मंत्रालयाने काढलेली यादी. प्राथमिक सेवेने टाळता येण्याजोग्या भरतीची कारणे त्यांनी १९ गटांत अधिकृतपणे ठरवून टाकली. अपेंडिक्सचे ऑपरेशन गावातल्या दवाखान्याने टळत नाही, म्हणून ते त्या यादीत नाही. साखर अनियंत्रित झाल्याने दाखल व्हावे लागले तर ते आहे. एवढा भेद केल्याशिवाय एकूण भरतीचा आकडा काहीच सांगत नाही.

याची उलट बाजू अमेरिकेत दिसली. माजी सैनिकांच्या नऊ रुग्णालयांतून घरी सोडलेल्या, मधुमेह, फुप्फुसांचा जुनाट विकार किंवा हृदय दुर्बल होण्याचा विकार असलेल्या १,३९६ रुग्णांपैकी निम्म्यांच्या मागे एक परिचारिका व एक ठरलेला डॉक्टर लावण्यात आला. १९९६मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा असे दिसले की, ज्यांची अधिक देखरेख झाली तेच पुन्हा जास्त वेळा दाखल झाले: इतरांच्या बाबतीत रुग्णामागे दरमहा सरासरी ०.१४ वेळा, तर यांच्या बाबतीत ०.१९ वेळा. मात्र मिळालेल्या सेवेबद्दल तेच अधिक समाधानी होते. मुळात इतक्या आजारी माणसाकडे जवळून पाहिले की काही ना काही सापडणारच, आणि सापडले की डॉक्टर त्याला दाखल करून घेणारच.

आमच्या घरात हेच घडले. सातारा जिल्ह्यातल्या माझ्या आत्याच्या गावी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आल्या, आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा फॉर्म भरू लागल्या आणि ‘मला काही होत नाही गं’ म्हणणाऱ्या आत्याच्या दंडाला पहिल्यांदाच बीपीचा पट्टा बांधला गेला. आकडा पाहून अधिकारी बाईंनी थोड्या वेळाने पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा मोजले आणि चिठ्ठी देऊन तिला उपजिल्हा रुग्णालयात पाठवले. तिथे तिला ठेवून घेतले. सरकारी नोंदीत प्राथमिक सेवेच्या विस्तारानंतर एक भरती वाढली. ती वाढली नसती तर पुढची भरती कदाचित पक्षाघाताची, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी झाली असती.

अडचण अशी की आपली व्यवस्था खाटेभोवतीच फिरते. २०१८मध्ये आयुष्मान भारतच्या एका हाताने दीड लाख उपकेंद्रे व प्राथमिक केंद्रे आरोग्यवर्धिनी, म्हणजे तपासणी व औषधे जवळच देणारी केंद्रे, करायची ठरली आणि दुसऱ्या हाताने कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे विमा कवच देऊ केले. चर्चा दुसऱ्याचीच अधिक झाली, कारण ते कार्ड खिशात ठेवता येते. पण ते उपयोगी पडते ते दाखल झाल्यावर. महिनोन्महिने नियमित घ्यायची रक्तदाबाची गोळी अ‍ॅम्लोडिपिन त्या कार्डावर मिळत नाही. ती उपकेंद्राच्या कपाटात असावी लागते, आणि संपली की बस पकडून तालुक्याच्या मेडिकलमधून आणावी लागते. खुरपणीच्या दिवसांत मजुरी बुडवून असे कोण जाईल? नव्या दवाखान्यांचा हिशेब मागायचाच असेल, तर रक्तदाबाची गोळी सुरू केलेल्यांपैकी वर्षभराने किती जण ती घेत आहेत आणि त्यांच्यापैकी पक्षाघात होऊन किती दाखल झाले, हे आधी विचारावे. एकूण खाटांचा आकडा त्यानंतर बघता येईल.