चिरे वाहायची गाडी

आंब्याच्या बागेला चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा गडगा (कुंपणाची भिंत) घालायचा तर आधी चिरे उचलायला माणसं हवीत, आणि आमच्याकडे सध्या तीच मिळत नाहीत. एकेक चिरा ३५ किलोच्या आसपास. भंगारात एका कारखान्याची हायड्रॉलिक लिफ्टची गाडी मिळाली. ५०० किलो उचलणारी, पायाने पंप मारला की पाट्याखालच्या पट्ट्यांची कात्री उघडते आणि पाटा तीन फुटांपर्यंत वर येतो. लादीवर झकास चालायची, पण बागेतल्या मातीत तिची ५ इंची टणक चाकं लगेच रुतायची.

मोठी हवेची चाकं लावायची हे उघडच होतं. नाक्यावरच्या वेल्डरने मात्र मोजमाप घेतानाच विचारलं, "काका, चाकं खालून लावली तर पाटा जवळजवळ फूटभर वर जाईल. मग चिरा चढवणार कसा?" म्हणून मागची १६ इंची चाकं सांगाड्याच्या खाली न घेता बाहेरच्या अंगाला आखूड दांड्यांवर घेतली. पुढच्या फिरत्या चाकांसाठी लोखंडी चॅनेलचे दोन हात बाजूला काढले, नाहीतर पेडलवर पाय ठेवायला जागाच उरत नव्हती. गाडी रुंद झाली, त्यामुळे कलंडायची भीतीही कमी झाली. वेल्डिंग करताना पाटा उचलणारा तेलाचा सिलिंडर काढून ठेवला आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावला, म्हणजे करंट कात्रीच्या पिनांमधून जात नाही.

सिलिंडर उघडलाच होता, म्हणून सील आणि तेल नवं घातलं. मग पाटा रिकामा ठेवून, तो खाली सोडायचा लिव्हर दाबून धरून पंप मारत राहिलो. अडकलेली हवा निघेपर्यंत पेडल स्पंजासारखं दबतं. "प्रेशर वाढवून देऊ का, जास्त माल उचलेल," असं वेल्डरचा पोऱ्या म्हणाला. प्रेशर ठरवणाऱ्या व्हॉल्व्हला मी हात लावू दिला नाही. जास्त भार आला की तेल परत टाकीत सोडायचं, हेच तर त्याचं काम.

हवेच्या चाकांवर वर उचललेला माल डुलतो. म्हणून आता एका वेळी सहा-सातच चिरे घेतो, पाटा खाली ठेवूनच गाडी ढकलतो, आणि गवंड्याजवळ पोचल्यावर थराच्या उंचीला आणतो. तो नुसता चिरा सरकवून घेतो. जुन्या चाकांबरोबर ब्रेकही गेले, म्हणून उतारावर चाकांखाली दगड लावल्याशिवाय पेडलला पाय लावायचा नाही. वळवायला अजून जड जाते. पुढच्या चाकांना ग्रीसचे निपल बसवून घ्यायचे राहिलेत.