७२ तास आधीचा कागद

मुलीकडे लॉस एंजेलिसला सहा महिने राहून आले त्याला आता बरेच दिवस झाले, पण तिथली एक मीटिंग काही डोक्यातून जात नाहीये. फोटो सगळ्यांना दाखवून झाले, आता जे फोटोत आलं नाही ते लिहिते.

मुलीच्या घरापासून मरीना डेल रे जवळ. मरीना म्हणजे होड्या लावायचं बंदर, पण मच्छीमारांचं नाही, लोकांच्या स्वतःच्या शिडाच्या होड्या, यॉट वगैरे, हजारोंनी उभ्या असतात. मला वाटलं खाडी असेल मूळची, तर तसं नाही, बलोना नावाची मोठी पाणथळ जागा होती ती खोदून केलंय आणि १९६५ ला उघडलं. साधारण ८०० एकर, निम्मं पाणी निम्मी जमीन. आणि मला खरं आश्चर्य वाटलं ते हे की ही जमीन कुणा बिल्डरची नाहीच, काउंटीची आहे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं समजा. काउंटीने ती लांब मुदतीच्या लीजवर दिली, लीजवाल्यांनी त्यावर अपार्टमेंट, हॉटेलं, होड्यांचे धक्के बांधले. आता साठच्या दशकातल्या त्या बिल्डिंगी जुन्या झाल्या, लीजची मुदतही संपत आली, मग लीजवाला म्हणतो मला मुदत वाढवून द्या, मी जुनं पाडून नवीन बांधतो. शब्द बदला, आपल्याकडची रीडेव्हलपमेंटच की.

तिथे बर्टन चेस पार्क नावाची बाग आहे, तीन बाजूंनी पाणी, मी रोज सकाळी जाऊन बसायचे, तिकीट नाही काही नाही. तिथेच एका आजींची ओळख झाली, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठ्या, तिथल्याच एका जुन्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या. त्यांच्या पिशवीत कायम एक जाडजूड फाइल. माझं इंग्रजी शाळेत शिकवण्यापुरतं, पण त्या सावकाश बोलायच्या आणि मला कळायचं. एक दिवस म्हणाल्या उद्या संध्याकाळी इथल्या नवीन बांधकामांवर काउंटीची मीटिंग आहे, चल माझ्याबरोबर.

मला वाटलं आपल्याला कोण आत सोडणार. तर कुणालाही जाता येतं, नागरिक असायची पण अट नाही, नाव सुद्धा सांगायची सक्ती नाही. कॅलिफोर्नियात १९५३ पासून एक कायदा आहे, ब्राउन कायदा म्हणतात, आणि पुढे त्यात घातलेल्या नियमाप्रमाणे अशा नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लोकांसमोर लावायलाच पाहिजे आणि अजेंड्यावर नाही त्याच्यावर ठराव करायचा नाही. आजींनी तो अजेंडा घरी वाचून, पेनने खुणा करून आणला होता. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. मला वाटलं लोक भाषण करतील, पण कुणी भाषण केलं नाही. एकाने विचारलं, नवीन नकाशात छोट्या होडीसाठी जागा किती उरतात, आकडा सांगा. कारण नवीन बांधताना मोठ्या यॉटसाठी मोठे गाळे करतात, मग तेवढ्याच पाण्यात संख्या कमी होते, आणि जाते ती छोट्या होडीवाल्याची जागा, ज्याने आयुष्यभर पगारातून पैसे साठवून होडी घेतली त्याची. आजींनी विचारलं ते घरांचं. समुद्रकाठच्या पट्ट्यात कमी उत्पन्नाचे भाडेकरू राहतात ती घरं पाडली तर त्यांच्या बदली परवडणारी घरं द्यावी लागतात, हा तिथला १९८२ चा मेलो कायदा. मग आजींचा प्रश्न एवढाच, आत्ता इथे कोण राहतं, उत्पन्न किती, ही मोजणी पाडायच्या आधी करणार की सगळे निघून गेल्यावर? खोली शांत झाली. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच होता, कारण बिल्डिंग रिकामी झाल्यावर मोजलं तर गरीब कुणीच सापडणार नाही.

तिथे सगळं छान आहे असं मी म्हणत नाहीये. मरीना डेल रे हे वेगळं शहर नाही, त्याला स्वतःची नगरपालिका नाही, नगरसेवक नाहीत. शेवटचा निर्णय काउंटीच्या पाच सुपरवायझरांचा, म्हणजे काउंटीने निवडून दिलेल्या पाच प्रतिनिधींचा, आणि काउंटीची लोकसंख्या जवळपास एक कोटी. पाच जणांना या कोपऱ्यातल्या काही हजार लोकांची किती फिकीर असणार. आजी म्हणाल्याच, बरेचदा आमचं ऐकत नाहीत, पण लिहून घ्यावं लागतं, आणि पुढे प्रकरण कोस्टल कमिशनकडे गेलं की तेच लिहिलेलं कामाला येतं. हे कमिशन पण तिथल्या लोकांनी १९७२ ला मतदान करून आणलेलं, १९७६ ला त्याचा पक्का कायदा झाला. किनाऱ्यावर सगळ्यांना जाता आलं पाहिजे हे बघणं त्यांचं काम.

परत सोलापूरला आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर तलावावर फिरायला गेले, आमचा ग्रुप होताच. अक्कांनी विचारलं काय पाहिलंत ओ तिकडं, मी डिस्नेलँड सोडून हेच सांगत बसले. मोजणीवाले काका, म्हणजे भूमी अभिलेखमधून रिटायर झालेले, ते एकदम म्हणाले, मॅडम, आपल्या गल्लीमागच्या प्लॉटचं काय झालं मग.

ते सांगायलाच पाहिजे. आमच्या गल्लीमागे डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, बागेचं आरक्षण असलेला एक मोकळा प्लॉट होता. एक दिवस पत्रे लागले. चौकशीला गेले तर एका ऑफिसात सांगितलं की आराखड्यातल्या फेरबदलाची नोटीस केव्हाच निघाली, हरकतींची मुदत संपली, तुम्ही आता आलात. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यात कलम ३७ खाली असा फेरबदल करायचा तर नोटीस काढून एक महिना हरकती-सूचना मागवाव्या लागतात, सुनावणी द्यावी लागते. नोटीस होती, राजपत्रात होती, पेपरात पण आली असेल कुठल्यातरी कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात. प्लॉटवर मात्र साधा एक कागद चिकटवला नव्हता. आम्ही रोज त्याच प्लॉटवरून चालत जात होतो! मला अजून राग येतो, स्वतःचाही येतो की ३१ वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं आणि हे कलम मला माहीत नव्हतं.

विचारायचं तरी कुणाला, २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली ती पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकच होते, वॉर्डात नगरसेवक नाही. पाच सुपरवायझर आणि एक कोटी लोक हे ऐकताना मला म्हणूनच आपलं सोलापूर आठवत होतं.

आणि आपल्याकडे हे नवीन आहे असंही नाही हो. आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तलावाच्या काठी अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न होतं, संमती कट्ट्यावर आधी संमती वाचतात, सगळ्या गावासमोर, मोठ्याने, मग अक्षता पडतात. मी लहानपणापासून बघतेय. तळ्याच्या काठी आधी वाचायचं आणि मग करायचं, हा क्रम या गावाला पाठ आहे.

नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात तळ्याची कड ही फार मोठी गोष्ट आहे. उद्या कुठल्याही तळ्याकाठी सुशोभीकरण, बोटिंग, टॉवर असं काही आलं तर मला फक्त एवढं माहीत पाहिजे की चालायची वाट किती फूट उरते, गेटला कुलूप लागतं का, आणि आत्ता तिथे जे राहतात, जे गाडे लावतात त्यांची यादी कुणी केली. मोठ्या बांधकामांना २० हजार चौरस मीटरच्या वर पर्यावरण मंजुरी लागते, पण २००६ च्या अधिसूचनेत बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतूनच सूट आहे, म्हणजे आपल्याला कुणी बोलावणार नाही, आपणच जायचं. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांचे प्रकल्प नोंदवणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर मंजूर नकाशा बघता येतो, पण तोवर परवानगी झालेली असते, म्हणून कलम ३७ ची नोटीस पकडणं महत्त्वाचं.

तर आम्ही पाच जणांनी वाटून घेतलंय. अक्कांचा मुलगा दर आठवड्याला राजपत्र बघतो, दोन घरी दोन वेगवेगळे पेपर येतात त्यातल्या नोटिसा कापायच्या, काका नकाशा वाचून कुठला सर्व्हे नंबर म्हणजे कुठली जागा ते सांगतात, आणि मी माहिती अधिकाराचे अर्ज लिहिते, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, ३० दिवस मोजत. प्लॉटवर नोटीस लावली होती का, लावली असेल तर पंचनामा द्या, हा पहिला अर्ज गेलाय. सापडलेली नोटीस अक्का तेलुगूत समजावून सांगतात, एक शेजारीण कन्नडमध्ये, कारण आमच्या भागात निम्म्या बायकांना सरकारी मराठी कळत नाही, मलाही दोनदा वाचावं लागतं.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला कंबर तलावावर भेटतोय. काका मोजणीचा टेप आणणार आहेत, सध्याची वाट कुठे किती रुंद आहे ते मोजून, तारीख टाकून ठेवायचंय. यायचं असेल तर या, आणि जुन्या पेपरातली एखादी नोटीस घरात सापडली तर घेऊन या.